खेळ टिकतो म्हणजे काय टिकते?

१

आजचे व्हिडिओ गेम जुन्या गेमइतके टिकतील का, हा प्रश्न अलीकडे वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांकडूनही ऐकू येतो. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते. एक पक्ष म्हणतो, 'पॅक-मॅन' (१९८०), 'टेट्रिस' (१९८४) किंवा 'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५) हे खेळ रचनेने आटोपशीर होते, त्यांत अनावश्यक असे काही नव्हते, म्हणून चाळीस वर्षांनंतरही ते खेळले जातात. उलट आजचे गेम दृश्यांच्या भपक्यावर उभे असतात आणि पुढचा भपका आला की विस्मरणात जातात. दुसरा पक्ष या मताला निव्वळ स्मरणरंजन ठरवतो. बालपणी जे खेळलो तेच श्रेष्ठ, असे प्रत्येक पिढीला वाटते. त्यापलीकडे या मतात काही तथ्य नाही, असे त्याचे म्हणणे.

हा वाद आपल्या परिचयाचा आहे. नवकवितेच्या वेळी जुन्या-नव्याची तुलना अशाच दोन टोकांवरून झाली होती. तेव्हाप्रमाणे आताही 'टिकाऊ मूल्य' या शब्दप्रयोगात दोन वेगळे प्रश्न एकत्र बांधले गेले आहेत. एखाद्या कृतीकडे पुनःपुन्हा परत जावे असे तिच्यात काही आहे का, हा पहिला प्रश्न. परत जायचे म्हटले तर ती कृती जागेवर असेल का, हा दुसरा. साहित्याचा अभ्यास करताना दुसरा प्रश्न आपण सहसा विचारत नाही, कारण छापील पुस्तकाने आणि ग्रंथालयाने तो आपल्यापुरता सोडवलेला आहे. व्हिडिओ गेमच्या बाबतीत तो सुटलेला नाही. जुन्या आणि नव्या गेममधला खरा भेद या दुसऱ्या प्रश्नाशी निगडित आहे, असे प्रस्तुत लेखात म्हणायचे आहे.

२

जुना काळ सुवर्णयुगासारखा दिसतो, याचे एक कारण काळाची गाळणी. निन्टेन्डोच्या ज्या घरगुती यंत्रावर 'सुपर मारिओ' गाजला त्या यंत्रासाठी ७०० च्या आसपास अधिकृत गेम निघाले. त्यांतली पंचवीस-तीस नावे सांगणारा मनुष्य आज जाणकार समजला जाईल. त्या काळातल्या टाकाऊ मालाचे तर अक्षरशः दफन झालेले आहे. १९८२ साली अटारी कंपनीने 'ई.टी.' या चित्रपटावर आधारलेला गेम नाताळच्या बाजारासाठी घाईघाईने काढला. त्याचा रचनाकार हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ याला त्यासाठी जेमतेम पाच आठवडे मिळाले होते. १९८३ साली अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला आणि अटारीने आपला न खपलेला माल न्यू मेक्सिकोतील ॲलमगोर्डो येथील कचराभूमीत पुरला. २०१४ साली तिथे खोदकाम झाले तेव्हा इतर मालाबरोबर 'ई.टी.'च्या प्रतीही खरोखरच बाहेर आल्या. जुने सारे सोने होते असे म्हणणाऱ्याने हे खोदकाम लक्षात ठेवावे.

पण गाळणीचा मुद्दा एवढ्यावर सोडला तर तो अर्धवट राहतो. गाळणीत जे वर राहिले ते का राहिले, हेही सांगावे लागते. 'टेट्रिस'चे उदाहरण घेऊ. मॉस्कोतील विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजित्नोव्ह याने तो 'इलेक्ट्रॉनिका ६०' या यंत्रावर रचला. त्या यंत्राला चित्र काढता येत नव्हते, म्हणून पडणारे तुकडे त्याने कंसाच्या चिन्हांनी दाखवले. रंग, संगीत, सजावट यांतले काहीही नसताना खेळ पूर्ण होता. चार चौकोनांचे सात आकार वरून पडतात, त्यांना फिरवून बसवायचे, आडवी ओळ भरली की ती नाहीशी होते. त्याची संहिता एवढीच. अशी संहिता एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेताना तिचे फारसे काही बिघडत नाही. १९८९ साली निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या 'गेम बॉय' यंत्राबरोबर ती जगभर पोचली.

त्याच वर्षी निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रासाठी निघालेल्या 'टेट्रिस'च्या आवृत्तीची कथा अधिक उद्बोधक आहे. या आवृत्तीत एकोणतिसाव्या पातळीला तुकडे इतक्या वेगाने पडतात की माणसाची बोटे तिथे हरणारच, अशी समजूत होती. पुढे खेळणाऱ्यांनी बटण दाबण्याच्या नव्या पद्धती शोधल्या आणि ती मर्यादा ओलांडली. डिसेंबर २०२३ मध्ये तेरा वर्षांच्या एका अमेरिकन मुलाने १५७ व्या पातळीपर्यंत मजल मारली, तेव्हा प्रोग्रामलाच पुढे जाता येईना आणि खेळ गोठला. त्या मुलाच्या जन्मापूर्वी वीस वर्षांहून अधिक काळ आधी निघालेला हा खेळ माणसाने शेवटापर्यंत नेला तो ३४ वर्षांनी. 'पॅक-मॅन'मध्येही २५६ व्या पातळीला पडद्याचा उजवा अर्धा भाग चिन्हांच्या गोंधळाने भरून जातो, कारण पातळी मोजणारा आकडा आठ बिटांत मावत नाही. रचनाकारांनी न योजलेल्या या कडा खेळणाऱ्यांनी शोधून काढल्या.

प्रत्येक पिढीला जिच्यात नवे काही सापडते ती कृती अभिजात, असे आपण म्हणतो. 'टेट्रिस' या कसोटीला उतरतो. मात्र त्यासाठी एक अट पुरी व्हावी लागली होती. आपल्याकडे ज्याला सर्रास 'कॅसेट' म्हणत त्या प्लास्टिकच्या डबीत १९८९ साली जे आकडे बंद झाले, त्यांतला एकही नंतर कंपनीला बदलता आला नाही. ३४ वर्षे खेळणारे बदलले, त्यांचे कौशल्य बदलले. पाठ तोच राहिला.

३

संगणकावरील खेळाला पाठ असतो आणि त्या पाठाला इतिहास असतो, हे सर्वांत स्पष्टपणे दाखवून दिले ते इंग्रजी शिकवणाऱ्या एका प्राध्यापकाने. त्यामुळे ही हकिकत थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे.

विल क्राउदर हा अमेरिकन प्रोग्रामर. इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या आर्पानेटच्या उभारणीत त्याने काम केले होते, आणि केंटकीतील मॅमथ केव्ह या प्रचंड गुहासंकुलात तो हौसेने फिरत असे, नकाशे करत असे. १९७५-७६ च्या सुमारास, घटस्फोटानंतर, आपल्या लहान मुलींसाठी त्याने 'ॲडव्हेंचर' हा खेळ लिहिला. त्यात चित्र नाही. यंत्र जागेचे वर्णन वाक्यांतून करते; खेळणारा एक-दोन शब्दांची आज्ञा टंकतो; यंत्र पुढचे वर्णन देते. १९७७ साली स्टॅनफर्डमधील डॉन वूड्स याने क्राउदरच्या संमतीने त्यात मोठी भर घातली आणि ही वाढवलेली आवृत्ती सर्वत्र पसरली. क्राउदरचा मूळ पाठ नष्ट झाला असेच समजले जाई. मग त्या अनुपस्थित पाठाविषयी एक समजूत रूढ झाली: गुहेचे वास्तव वर्णन क्राउदरचे आणि त्यातले अद्भुत सारे वूड्सचे.

२००५ साली वूड्सच्या विद्यार्थिदशेतील संगणक-खात्याच्या जतन केलेल्या प्रतीत क्राउदरची फोरट्रान भाषेतील मूळ संहिता सापडली. पेनसिल्व्हेनियातील सीटन हिल विद्यापीठात शिकवणारे डेनिस जर्झ यांनी ती तपासली, प्रत्यक्ष गुहेत उतरून खेळातली वर्णने जागेशी ताडून पाहिली आणि २००७ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. क्राउदरच्या वर्णनांत खऱ्या गुहेचा भूगोल किती नेमका उतरला आहे, हे त्यांनी दाखवले. त्याचबरोबर जादूचा शब्द आणि हल्ला करणारे बुटके हे मूळ पाठातच होते, हेही सिद्ध झाले. वास्तव एकाचे आणि अद्भुत दुसऱ्याचे, ही सोयीची वाटणी एका प्रतीच्या पुराव्यावर मोडली.

मराठीच्या अभ्यासकाला ही पद्धत अपरिचित नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा शुद्ध पाठ सिद्ध केला. 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत हरवल्यावर ते स्मरणातून पुन्हा उभे करावे लागले, असे महानुभाव परंपरा सांगते, आणि त्यातले पाठभेद आजही अभ्यासकांना गुंतवून ठेवतात. पाठ हरवतो, त्यात भर पडते, कोणी तो दुरुस्त करतो. आणि कुठेतरी एखादी प्रत पडून असेल तर या साऱ्याचा माग काढता येतो. 'ॲडव्हेंचर'ची प्रत पडून होती. आज गाजणाऱ्या गेमची अशी प्रत कुठे पडून असेल?

४

पारंपरिक खेळांना ही अडचण नव्हती. सोंगट्यांचा पट हरवला तर कापडावर दुसरा आखता येतो, नवकंकरी खडूने जमिनीवर मांडता येते, कारण खेळाचा नियम खेळणाऱ्यांच्या स्मरणात असतो. व्हिडिओ गेमचा नियम यंत्रात असतो. जुन्या गेममध्ये तो निदान आपल्या घरातल्या यंत्रात होता. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत गाजलेल्या अनेक गेमचा नियम कंपनीच्या सर्व्हरवर असतो. आपल्याकडे येते ते फक्त दर्शन.

२००४ साली ब्लिझर्ड कंपनीने काढलेला 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा हजारो माणसांनी एकाच कल्पित जगात एकत्र वावरण्याचा खेळ आहे. त्याच्या मूल्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील स्ट्राँग संग्रहालयाने २०१५ साली 'वर्ल्ड व्हिडिओ गेम हॉल ऑफ फेम' सुरू केले, तेव्हा पहिल्याच सहा मानकऱ्यांत 'पाँग', 'पॅक-मॅन', 'टेट्रिस', 'सुपर मारिओ ब्रदर्स' आणि 'डूम' यांच्याबरोबर त्याचा समावेश झाला. परंतु डिसेंबर २०१० मध्ये 'कॅटॅक्लिझम' या विस्ताराने त्या जगातले जुने प्रदेशच बदलून टाकले. आधीचे जग पाहण्याचा अधिकृत मार्ग उरला नाही. काही चाहत्यांनी 'नॉस्टॅलरियस' नावाचा अनधिकृत सर्व्हर उभारून ते जग पुन्हा चालवले. कंपनीच्या कायदेशीर इशाऱ्यानंतर एप्रिल २०१६ मध्ये तो बंद पडला. अखेर कंपनीनेच ऑगस्ट २०१९ मध्ये 'क्लासिक' या नावाने जुनी आवृत्ती परत आणली. नियम परत आले, भूगोल परत आला. मात्र २००४ साली कोणालाच काही ठाऊक नव्हते, वाट विचारण्यासाठी अनोळखी माणसाशी बोलावे लागत होते. २०१९ चा खेळाडू पंधरा वर्षांची माहिती डोक्यात घेऊन तिथे शिरला. नाटकाची संहिता हाती आली तरी मूळ प्रयोगाचा प्रेक्षकवर्ग परत आणता येत नाही, त्यातलाच हा प्रकार.

ही झाली परत आलेल्या खेळाची गोष्ट. बाकीचे परत येत नाहीत. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा २०१४ चा मोटारशर्यतींचा गेम. ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद झाले आणि पैसे देऊन घेतलेली डिस्क निरुपयोगी ठरली, एकट्याने खेळायच्या भागासह. त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि युरोपीय संघाकडे केलेल्या नागरिकांच्या मागणीवर जुलै २०२५ पर्यंत १० लाखांहून अधिक सह्या झाल्या. सोनीचा 'कॉनकॉर्ड' २३ ऑगस्ट २०२४ रोजी आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. पुरलेला 'ई.टी.' आज कोणीही खेळून पाहू शकतो आणि तो वाईट आहे असे स्वतः ठरवू शकतो. 'कॉनकॉर्ड'विषयी उद्याच्या समीक्षकाला ऐकीव मतच द्यावे लागेल. आपल्या देशातले उदाहरण 'पबजी मोबाइल'चे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली आणि ऑक्टोबरअखेर इथली सेवा थांबली. पुढे २०२१ मध्ये भारतासाठी वेगळी आवृत्ती आली, जुलै २०२२ मध्ये ती हटवली गेली, मे २०२३ मध्ये परतली. बंदीच्या कारणांची चर्चा हा इथला विषय नाही. एका पिढीच्या बोलण्यात शिरलेला खेळ त्याच रूपात पुन्हा उघडून पाहण्याची सोय त्या पिढीलाही उरलेली नाही, एवढे नोंदवायचे आहे.

संग्रहालयांपुढेही हाच पेच आहे. न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ साली १४ गेम आपल्या संग्रहात घेतले. 'पॅक-मॅन'सारखे छोटे खेळ प्रेक्षकांना खेळायला ठेवता आले. हजारो खेळाडूंच्या व्यापार-युद्धांवर चालणाऱ्या 'ईव्ह ऑनलाइन' (२००३) या गेमचे काय करायचे? संग्रहालयाला त्या जगातील घडामोडींची चित्रफीत दाखवावी लागली. म्हणजे खेळाच्या जागी खेळाची साक्ष ठेवावी लागली.

५

यावरून आजचे गेम टिकणार नाहीत असा सरसकट निष्कर्ष काढता येत नाही. नवा गेम म्हणजे सर्व्हरवरचा गेम, हे समीकरण मुळात खरे नाही.

लुकास पोप याच्या 'पेपर्स, प्लीज' (२०१३) मध्ये खेळणारा एका कल्पित हुकूमशाही राष्ट्राच्या सीमेवरचा तपासनीस असतो. कागदपत्रे पाहायची आणि शिक्का मारायचा, एवढेच काम. जितकी माणसे तपासाल तितका पगार. घरी कुटुंब, भाडे, औषधे. एक गृहस्थ योग्य कागद दाखवून आत जातो. मागून त्याची बायको येते, तिच्याकडे प्रवेशपरवाना नाही. तिला सोडले तर चुकीची नोंद होते, आणि नोंदी वाढल्या की पगार कापला जातो. हा पेच कादंबरीही मांडू शकेल, पण इथे शिक्का आपल्या हातात असतो आणि मागे रांग थांबलेली असते. आज्ञाधारकपणा सवयीतून कसा घडतो हे माध्यमाच्या स्वतःच्या सामर्थ्याने दाखवणारी ही कृती आहे. 'पॅक-मॅन'च्या काळात असे काही घडणे कठीणच होते.

'डिस्को एलिझियम' (२०१९) तर वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने आवर्जून पाहावा असा गेम. त्याचा प्रमुख लेखक एस्टोनियातील रॉबर्ट कुर्वित्झ. ज्या कल्पित जगात हा गेम घडतो त्याच जगावर त्याने २०१३ मध्ये कादंबरी लिहिली होती. ती फारशी खपली नाही. स्मृती गमावलेला एक गुप्तहेर खुनाचा तपास करतो, आणि त्याची तर्कबुद्धी, सहानुभूती, अधिकारभावना ही स्वतंत्र पात्रांसारखी त्याच्याशी बोलतात, भांडतात, क्वचित त्याची दिशाभूल करतात. संज्ञाप्रवाही कादंबरीने जे पानांवर साधले ते इथे निवडीच्या रूपाने येते: कोणाचे ऐकायचे, हे वाचकाला ठरवावे लागते. सुमारे दहा लाख शब्दांची ही संहिता आहे. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी' (२०२०) हा भारतीय पुराणकथांच्या जगात भावाला शोधणाऱ्या मुलीची गोष्ट सांगतो. त्याच्या गुणावगुणांविषयी मतभेद होतील, पण मतभेद होण्यासाठी लागणारा पाठ जागेवर आहे. हे तिन्ही गेम कोणाच्या सर्व्हरवाचून, एकट्याने, शेवटापर्यंत खेळता येतात.

दुसरीकडे, जुने सारे सुरक्षित आहे हेही खरे नाही. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार तिथे २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आता बाजारात मिळत नाहीत. जे वाचले त्यांतले पुष्कळ मालकांच्या काळजीमुळे वाचले नाहीत. १९९७ साली निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने सुरू केलेला 'मेम' हा प्रकल्प पार्लरमधल्या जुन्या यंत्रांची हुबेहूब नक्कल आजच्या संगणकावर घडवतो; त्यासाठी लागणाऱ्या प्रतींची देवाणघेवाण बहुधा कायद्याच्या कडेकडेने झाली. १९९० च्या दशकात आपल्या घराघरांत 'मारिओ' आणि 'काँट्रा' पोचले तेही मुख्यतः नकली यंत्रांवरून. मालकाने स्वतः दार उघडल्याची उदाहरणे थोडी, पण बोलकी आहेत. 'डूम' (१९९३) ची संहिता तिच्या कर्त्यांनी १९९७ साली खुली केली, आणि त्यानंतर ती चालणार नाही असे यंत्र शोधणे अवघड झाले. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' (१९८९) ची मूळ संहिता जॉर्डन मेक्नर याच्या वडिलांना एका खोक्यात सापडली आणि २०१२ मध्ये त्याने ती सर्वांसाठी प्रसिद्ध केली.

ग्रंथालयांना मात्र हे काम करू दिले जात नाही. बाजारातून गेलेले गेम संशोधकांना दुरून पाहू देण्याची परवानगी अमेरिकेतील ग्रंथालयांनी व अभिलेखागारांनी मागितली होती. तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ती नाकारली. लोक हे गेम मौजेसाठी खेळतील, हे विरोधकांच्या भीतीचे एक कारण होते. कोणी मौजेने वाचील म्हणून कादंबऱ्या ग्रंथालयाबाहेर ठेवाव्यात असे कोणी म्हटले तर आपण काय म्हणू, याचा विचार वाचकांनी करावा.

६

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. मूल्याच्या दृष्टीने आजचे गेम कमी नाहीत; त्यांतल्या उत्तम कृतींनी माणसाच्या अंतर्मनाचा आणि नैतिक निवडीचा जो प्रदेश व्यापला आहे, तो जुन्या खेळांच्या आवाक्यात क्वचितच होता. टिकण्याच्या दृष्टीने मात्र त्यांतला मोठा भाग जुन्यांपेक्षा दुबळा आहे, आणि या दुबळेपणाचे मूळ विक्रीच्या पद्धतीत आहे, कलेत नाही. अमेरिकन चित्रपटसमीक्षक रॉजर ईबर्ट यांनी २०१० साली व्हिडिओ गेम कधीही कला होऊ शकणार नाहीत असे विधान केले, तेव्हा मोठे वादळ उठले. कला आहे की नाही या वादात जेवढी शाई खर्च झाली, त्याच्या दशांशही शाई प्रत कुठे ठेवायची या प्रश्नावर झाली नाही.

जे टिकत नाही ते मूल्यहीन, असेही अर्थात नाही. रंगभूमीवरचा प्रत्येक प्रयोग पडदा पडताच संपतो. जुन्या नटांच्या अभिनयाविषयी आपण आज जे जाणतो ते बव्हंशी पाहणाऱ्यांनी लिहून ठेवले म्हणून. सर्व्हरवरच्या गेमना निदान एवढी तरी सोबत मिळायला हवी. वर्गात आपल्यासमोर बसलेले विद्यार्थी हे गेम खेळतात. त्यांना वर्णनाची, पाठभेदाची, आस्वादाची शिस्त देणे आपल्या हातात आहे. गेमवर निबंध लिहायला सांगताना पहिली अट एवढीच असावी: कोणती आवृत्ती, कोणत्या महिन्यात, किती जणांबरोबर खेळली, हे आरंभीच नोंदवावे. पुस्तकाची आवृत्ती आणि साल नोंदवायला आपण त्यांना शिकवतोच. फरक इतकाच, की पुस्तकाबाबत ती नोंद चुकली तर ग्रंथालयात जाऊन तपासता येते. इथे अनेकदा ती नोंद हाच मागे उरलेला पुरावा असेल.